वकीलबाईंचं गाऱ्हाणं

"अनू, दुसऱ्यासाठी मागतस तेव्हा आवाज पोटातसून काढ. देवाक जरा कमी आयकाक येता असा समजून बोल. आणि आपल्यासाठी मागूची पाळी इली, तर घोटभर पाणी पी आणि गप रव."

बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशात पाणी ओतताना त्यांचा आवाज हटकून यायचा. पाण्याच्या धारेला लागून यायचा की कलशाच्या तांब्याला लागून, हे अनुपमाला कधी कळलं नव्हतं. ती हसली, पण ओठ मिटूनच. दिवसाचा पहिला शब्द देवाचा, हा तिचा रोजचा नेम होता. उठल्यापासून पूजा होईपर्यंत ती कुणाशी बोलत नसे, मग दारात दूधवाला असो की मंत्री. चंद्रप्रकाश, तिचे यजमान, या मौनाला सरावले होते, थोडे लाडावलेही होते, कारण दिवसातला तेवढाच वेळ त्यांचं बोलणं कुणी मध्ये तोडत नसे. चौरंगावर तांदळाची रास घातलेली, मुलुंडच्या बाजारातून काल आणलेली पाच झाडांची पालवी ओल्या फडक्यातून काढून ठेवलेली. तिनं आंब्याचा डहाळा कलशात टेकवला, नारळ हातात घेतला, शेंडी देवीकडे येईल असा फिरवला, आणि टेबलावरचा फोन वाजला. एकदा वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिनं मानेनंच नवऱ्याला खूण केली.

"हॅलो," चंद्रप्रकाश म्हणाले, आणि लगेच त्यांचा आवाज हिंदीत शिरला. विक्रोळीच्या कारखान्यात जन्मभर नकाशे काढत बसलेल्या माणसाची ती हिंदी होती, सगळ्या रेषा सरळ आणि लिंगं जागेवर नाहीत अशी. "मैं उनका मिस्टर बोल रहा हूँ. मॅडम मौन में है. नहीं नहीं, नाराज काहे को होगी. रोज का है. पहले भगवान से बोलेगी, फिर आपसे." मग बराच वेळ ऐकणं. मग, "गवर्नर? कौनसा बँक का?" आणि मग ते स्टुलावर बसले. बसलेच नाहीत, स्टूलच त्यांच्याखाली आलं म्हणायला हवं. त्यांनी फोनवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं. "अगं, दिल्लीहून आहे. तुला राज्यपाल करतायत. तो विचारतोय, मौन म्हणजे होकार धरू का." अनुपमानं नारळ धरलेला हात जोरात हलवला. चंद्रप्रकाशांनी तो पाहिला, त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला आणि फोनमध्ये सांगितलं, "अभी नारियल रखने का बाकी है." पलीकडच्या माणसानं काय ऐकलं कुणास ठाऊक. तो म्हणाला, ठीक आहे, संध्याकाळी पाचपर्यंत मॅडमना स्वतः फोन करायला सांगा, आणि तोवर कुणाला सांगू नका.

नारळ कलशावर बसला. तिनं हळदकुंकू वाहिलं, वेणी घातली, कहाणी वाचायला घेतली. कहाणी ती दरवर्षी वाचत आलेली, वैभवात रमलेल्या राणीची, जिच्या दारी देवी म्हातारीच्या रूपात येते आणि राणीला ती ओळखू येत नाही. डोळे ओळींवरून चालले होते, पण पोटात कुणीतरी फुगडी घालत होतं. फुगडीच ती, दुसरा शब्द नव्हता. या वयात, गुडघ्याला तेल चोळणाऱ्या बाईच्या पोटात परकरातली पोर गरगर फिरत होती आणि तिला थांबायचं नव्हतं. अनुपमाला स्वतःची थोडी लाज वाटली, मग वाटलं, लाज कसली, देवीसमोरच तर बसलो आहोत, तिला काय दिसत नाही. आरती झाली. आता पहिला शब्द. रोज ती नावं घेई: नातवंडं, ऑफिसातली तेजल, वरच्या मजल्यावरच्या आजारी काकू, ज्याचा निकाल असेल तो पक्षकार. आज नावं संपली तरी ओठांशी काहीतरी राहिलं. ते तिचं स्वतःचं होतं. तिनं शेजारच्या फुलपात्रातलं घोटभर पाणी प्यायलं आणि नमस्कार केला.

"आता बोल," चंद्रप्रकाश म्हणाले. ते इतका वेळ स्टुलावरच होते.

"काय बोलू?"

"हो म्हण. म्हणजे दिल्लीला. मला नाही म्हणालीस तरी चालेल, सवय आहे."

"तुम्ही याल?"

"राजभवनात? स्वेटर घ्यावे लागतील. डोंगराळ भाग आहे म्हणे. तिथे बागेत संत्री असतात का गं?" आणि मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं? आनंद नाही झाला?"

"झाला ना. खूप झाला. तेच तर."

तेच तर म्हणजे काय, हे तिला त्यांना सांगता येईना. आजवरचं सगळं आयुष्य ती एका बाजूला उभी होती आणि ती बाजू तिला घरासारखी ओळखीची होती. कन्नमवार नगरच्या चाळीवजा इमारतीत, गच्चीवर वर्षातून एकदा गावच्या देवाची पूजा असायची. बाबा गिरणीतून आलेले, अंगाला सुताचा वास, अंघोळ करून धोतर नेसायचे आणि नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालायला उभे राहायचे. सगळी बिऱ्हाडं मागे. "बा देवा म्हाराजा," बाबा सुरू करायचे, "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा," आणि मग एकेकाचं दुःख त्या सुरात गुंफायचे: पाटकराच्या सुनेची कूस, घाडीच्या मुलाची नोकरी, तळमजल्यावरच्या सोनूबाईचा खोकला. प्रत्येक मागण्याच्या शेवटी मागून सगळ्यांचा एकच आवाज, "होय म्हाराजा." गच्ची हलायची. लहान अनू बाबांच्या धोतराला धरून उभी असायची आणि तो आवाज तिच्या पाठीत शिरायचा, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. बाबा स्वतःसाठी कधी काही मागत नसत. आईनं एकदा विचारलं होतं, आपल्या घराचा काय, तर म्हणाले, मागणाऱ्यान आपला घुसवला तर देव त्याका दलाल समजता. वहिवाट हा शब्द पुढे कायद्याच्या पुस्तकात भेटला तेव्हा अनुपमाला वाटलं, अरे, याला मी ओळखते, हा आमच्या गच्चीवर यायचा.

वकिली म्हणजे तिला दुसरं काही वाटलंच नाही. दुसऱ्याचं दुःख नीट गुंफायचं आणि वर बसलेल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ठेवायचं. संध्याकाळच्या कॉलेजात शिकली, सनद घेतली, काळा कोट आईनं उसवून दोनदा शिवला. विक्रोळीच्या कोर्टातलं पहिलं काम धाकूचं. धाकू त्यांच्याच इमारतीतला, तिच्याहून थोडा मोठा, गिरणी बंद पडल्यावर स्टेशनबाहेर पाटी घेऊन मासे विकायला बसला होता, आणि पालिकेच्या गाडीनं पाटीसकट उचलला. त्याच्यासाठी अर्धी इमारत कोर्टात येऊन बसली. अनुपमानं कलमं पाठ केली होती. उभी राहिली, मॅजिस्ट्रेटांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि कलमं गेली. पूर्ण गेली. मग पोटातून काहीतरी वर आलं. "महाराज," ती म्हणाली, "हा माणूस गिरणीत राबला, गिरणी बंद झाली, तो चोरी करायला गेला नाही महाराज, त्यानं पाटी घेतली, आणि ती पाटी त्याला परत मिळावी महाराज," आणि सूर नेमका जिथे उतरायचा तिथे उतरला. मागच्या बाकांवरून अर्धी इमारत एका आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा."

शिपाई ओरडला. धाकूच्या बायकोनं, शकुनं, तोंडावर पदर दाबला. मॅजिस्ट्रेटांनी समोरची फाईल उचलून चेहऱ्यासमोर धरली आणि ती फाईल बराच वेळ हलत राहिली. खाली आली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "वकीलबाई," ते म्हणाले, "हे कोर्ट आहे, देऊळ नव्हे. मागच्यांना सांगा, इथे प्रतिसाद द्यायचा नसतो. पण पोचलं." ते कुठले, देवगडचे की वेंगुर्ल्याचे, हे तिनं कधी विचारलं नाही. धाकूला पाटी मिळाली. त्या दिवसापासून ती वकीलबाई झाली, आणि पुढे त्याच मागच्या बाकांनी तिला नगरसेवक केलं, एकदा, मग पुन्हा, आणि एका फाल्गुनात ती शहराची महापौर झाली.

दुपार कलत होती. उपास होता, पण भूक लागली नव्हती. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली आणि सोसायटीच्या अशोकाच्या झाडांकडे बघत महापौरपणाचे दिवस आठवू लागली. ते दिवस सुखाचेच होते. झगा लांब होता आणि ती बुटकी, पहिल्या दिवशी सभागृहात शिरताना झग्यावर पाय पडून ती पडायचीच, चोपदारानं दंडाला धरलं. खुर्ची इतकी उंच की पाय लोंबकळत राहिले. दुसऱ्या दिवशी तिनं घरून पाट नेला आणि पायाखाली घेतला. विरोधक तिला पाटावरच्या महापौर म्हणत, तिला ते आवडायचं. पण पहिल्याच सभेत एक गोष्ट घडली होती. मुलुंडच्या एका नगरसेवकानं पाण्याचा प्रश्न मांडला. नीट मांडत नव्हता, आकडे वाचत होता, बाई पहाटेला हंडा घेऊन उभी राहते हे कुठेच नव्हतं त्यात. अनुपमा ऐकता ऐकता उठली. उठून बोलायलाच लागली, "महाराज, मुलुंडच्या टेकडीवरच्या बायका," आणि सभागृह थबकलं. चिटणीस बाजूला येऊन हळूच म्हणाले, "महापौर, आपण खाली बसायचं. आपण मागायचं नसतं. आपल्याकडे मागतात." हशा झाला, तीही हसली. पण बसताना पाठीत, खांद्यांच्या मधोमध, थंड लागलं. मागे कुणीच नव्हतं. मागे भिंत होती, आणि भिंतीवर जुन्या महापौरांच्या तसबिरी.

तेव्हा निभावलं. शहर तिचं होतं, बंगल्याच्या व्हरांड्यात रोज सकाळी माणसं येऊन बसत. पण आता दूरचं राज्य, डोंगर, पहारे, फाटकं. महामहिम म्हणणारी माणसं. तिथली भाषा येत नाही. सही मागायला फाईल येईल, माणूस यायचा नाही. आणि आलाच तर त्याला कुठून तरी वळवून लावतील, हळुवार, अदबीनं, तिला कळणारसुद्धा नाही. भीती एवढीच होती. संत्र्यांची बाग दिसत होती, स्वेटर घातलेले चंद्रप्रकाश दिसत होते, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश तिला शपथ देताना दिसत होते, ज्या न्यायाधीशांपुढे जन्म वाकण्यात गेला त्यांच्यातलाच एक. पोटातली परकरातली पोर फिरतच होती. आणि या सगळ्याच्या मध्यभागी एक रिकामं दार होतं. होय म्हणायचं की नाही, हे त्या दारापाशी अडलं होतं.

बेल न वाजवता तेजल आत आली. तेजल तिची ज्युनियर, टागोर नगरमध्ये वाढलेली, वडील बीडकडून येऊन कारखान्यात लागलेले. आंबेडकर जयंतीला अनुपमानं हिच्या घरी जेवायला जायचं आणि मार्गशीर्षात हिनं देवीचा प्रसाद खायचा, असा दोघींचा करार होता. देव मानत नाही, पण तुमचा शिरा मानते, असं ती म्हणायची.

"मॅडम, वाट लागली," ती म्हणाली. "खाली देवेशदादा खुर्च्या लावतोय. लाल कापड आणलंय. सात वाजता आमदार, आणि कुठला तरी बँड."

"कुणी सांगितलं त्याला?"

दोघींनी चंद्रप्रकाशांकडे पाहिलं. ते केळं सोलत होते. "मी फक्त खालच्या माधुरीला सांगितलं," ते म्हणाले. "आणि तिला बजावलं की कुणाला सांगू नको."

"सर, माधुरीताई सोसायटीच्या ग्रुपच्या ॲडमिन आहेत."

"हो का. मला वाटलं, तिथे फक्त पाण्याच्या वेळा टाकतात."

देवेश पक्षाचा विभागातला माणूस, अनुपमानं त्याला हाफ पँटीपासून पाहिलेला. काल परवापर्यंत ताई ताई करत पाय पसरून सोफ्यावर बसणारा. आत्ता तो दारात चपला काढून, हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "महामहिम."

"देवेश, अजून मी हो म्हणाले नाहीये."

"ते होईलच हो. तुम्ही आराम करा. खालचं मी बघतो. कुणालाही वर सोडत नाही, तुम्ही निर्धास्त राहा."

तो गेला. अनुपमा पुन्हा गॅलरीत आली आणि कठड्याला टेकून खाली पाहू लागली. फाटकापाशी लाल कापड अंथरलं होतं, खुर्च्यांच्या रांगा होत्या. त्या खुर्च्यांकडे बघत एक म्हातारा उभा होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. देवेश त्याच्यासमोर हात जोडून, फार नम्रपणे, मान हलवत होता. म्हाताऱ्यानं एकदा वर पाहिलं, दुसऱ्याच गॅलरीकडे, आणि वळला. रस्त्याकडे चालू लागला. चालताना उजवा पाय जरा आखडत होता. तो पाय तिनं कोर्टाच्या पायऱ्यांवर पाहिला होता.

सकाळची कहाणी वाचून अजून दिवसही मावळला नव्हता. तिला एकदम हसू आलं, आणि हसता हसताच ती कठड्यावरून वाकली. इतक्या लवकर, असं तिला वाटलं. इतक्या लवकर, माझ्याच दारात.

"धाकूदादा," तिनं हाक मारली. आवाज असा आला की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. देवेशच्या हातातली खुर्ची पडली. धाकू थांबला.

ती अनवाणीच जिना उतरली. मागून तेजल, मॅडम चप्पल, मॅडम चप्पल करत. फाटकाबाहेर बसस्टॉपच्या बाकावर धाकू बसला होता, पिशवी मांडीवर. जवळ जाताच तिला पिशवीतल्या आल्या-गुळाचा वास आला. मालवणी खाजं.

"वायच बस," तो म्हणाला. "माका वाटला, तुमच्यात कोण तरी गेला. एवढ्यो खुर्च्यो. म्हटला, चंद्रप्रकाशराव गेले वाटता. तो पोरगो पण असो हात जोडून उभो. मी विचारुकच नाय, म्हटला, दहाव्याक येऊया."

"ते वर केळं खातायत."

"बरा झाला." त्यानं तिला नीट पाहिलं. "मगे खुर्च्यो कित्याक?"

"ते सांगते. तू का आलास ते आधी सांग."

आणि धाकूनं सांगितलं. कन्नमवार नगरची त्यांची जुनी इमारत पाडून नवी झाली होती, चाव्या मिळाल्या होत्या. आज गुरुवार, आज जायचं. अकराव्या माळ्यावर. खाली बघितलं की डोकं फिरतं. भटजी येऊन गेला, पूजा झाली, पण शकु उंबऱ्याबाहेर बसून राहिली आहे. म्हणते, गाऱ्हाणं घातल्याशिवाय पाय ठेवणार नाही. जुन्या खोलीत तुझ्या बापानं घातलं होतं, त्यावर आमचा संसार निभला, आता इथे तू घालायचं. फोनवर सांगून चालणार नाही, जाऊन सांगा. म्हणून धाकू आला.

"दिवेलागणीक येशीत?" त्यानं विचारलं. "तुका काम आसात तर."

दिवेलागणीला आमदार होते, बँड होता. घरात घटासमोर नैवेद्य होता. "येते," अनुपमा म्हणाली. शब्द आधी गेला, विचार मागाहून आला.

"नक्की मां? नायतर ती रात्रभर जिन्यात बसतली. लिफ्टवालो पण भिता तिका."

"शब्द दिला, धाकूदादा."

मग तिनं त्याला सकाळचा फोन सांगितला. चंद्रप्रकाशांची हिंदी सांगितली तेव्हा धाकू इतका हसला की त्याला खोकला आला आणि तेजलनं पाठीवरून हात फिरवला. राज्यपाल म्हणजे काय, हे त्यानं दोनदा विचारून घेतलं.

"म्हणजे राजवाड्यात रवतलस."

"तसंच."

"आणि लोक तुझ्यासमोर येऊन गाऱ्हाणी घालतले."

"यायला हवेत."

समोरून बस गेली, धूळ बसली. "आणि तुझा गाऱ्हाणा कोण घालता?" तो म्हणाला.

"माझं कसलं गाऱ्हाणं?"

"माका काय ठावक. तुझ्या बापाशीन कधी आपला घातल्यान नाय, तू पण नाय घातलस. पण दुसऱ्यान घालूक नये असा तो कधी बोललो नाय. आमकाच सुचला नाय." तो हे सहज बोलला, पिशवीची गाठ सोडता सोडता. "तुका काय व्हया ता सांग. माका सांग. देवाक सांगूक तुका लाज वाटता तर."

तिनं आजूबाजूला पाहिलं. प्यायला पाणी नव्हतं. फुटपाथचा दगड पायाखाली ऊन धरून होता, तळव्यांना ते बरं वाटत होतं. कोर्टात कलमं गेली होती तसं आता सगळं गेलं, महापौरपण, चांगले शब्द, समजूतदारपणा. एवढ्या जन्मात लाखभर वाक्यं तिनं दुसऱ्यांसाठी रचली होती. हे एक रचायला इतकं जड जात होतं की तिला त्याचीच गंमत वाटली.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "मी तिथे आत बसलेली असेन आणि दारातून कुणीतरी परत जाईल. तुझ्यासारखं. आणि तिथे गॅलरी नसेल."

"बस? एवढाच?" धाकू म्हणाला. "माका वाटला, काय मोठा मागतलस. ह्या शकु घालीत. तिचो आवाज माझ्यापेक्षा मोठो. बिल्डर दोन वर्षां फोन घेय नाय होतो, एक दिवस ही त्याच्या हापिसाखाली उभी रवली आणि हाक मारल्यान. चाव्या गावल्यो." त्यानं खाज्याचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवला, मग आठवण होऊन परत उचलला. "उपास आसा मां तुझो. ऱ्हवांदे. तू आमचा घाल, शकु तुझा घालीत. मागे माणसां आसतच, सगळी इमारत येतली. होय म्हणूक काय, आमकां सवय आसा."

पाठीत, खांद्यांच्या मधोमध, काहीतरी ऊबदार हललं. बसस्टॉपची पत्र्याची जाहिरात मागे होती, आणखी काही नव्हतं, तरी हललं. तिनं धाकूचा हात धरला आणि सोडला. धाकू निघाला, आखडत्या पायानं, पिशवी हलवत, पुढे जाऊन वळून म्हणाला, "देवेशाक सांग, खुर्च्यो चार लागतत आमका. दिल्यान तर बघ." आणि पुढच्या बसमध्ये चढला.

घरी आल्यावर तिनं पाय धुतले आणि दिल्लीला फोन लावला. सकाळचाच माणूस होता. हिंदी तिची नवऱ्यापेक्षा बरी होती, पण आज तिलाही लिंगं सापडेनात. "मैं तैयार हूँ," ती म्हणाली. "बस, एक बात है."

पलीकडे कागद बाजूला झाल्यासारखा आवाज आला. "कोई शर्त, मॅडम?"

"शर्त नहीं. शपथ सवेरे जल्दी मत रखिए. पूजा होने तक मैं बोलती नहीं, और शपथ तो बोलके लेनी पड़ती है."

तो माणूस हसला. दिल्लीचा सरकारी माणूस असा हसतो हे तिला माहीत नव्हतं. "आपके पति ने समझाया था," तो म्हणाला, "नारियल वाला."

चंद्रप्रकाश दारात उभे राहून ऐकत होते. "किती वाजता परत?" एवढंच म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं मी निघाले ते?"

"पायात चपला घातल्यास, तीस वर्षांत पहिल्यांदा, कुणी आठवण न करता. दिवेलागणीला नैवेद्य मी दाखवतो. पुरुषानं दाखवला म्हणून लक्ष्मी काही पाठ फिरवत नाही. आमदाराला काय सांगू?"

"चहा द्या."

"तो विचारणार, मॅडम कुठे."

"सांगा, मौनात आहेत."

ते इतके खूश झाले की त्यांनी ते वाक्य दोनदा पुटपुटून पाठ केलं. खालून देवेशचा आवाज येत होता, चोवीस खुर्च्या पुढे, बाकीच्या मागे, मधली वाट मॅडमसाठी मोकळी. बँडवाले ढोल चाचपत होते. अनुपमानं देवीसमोर समई लावली, वात थोडी पुढे ओढली, आणि मागच्या जिन्यानं उतरली. मागे पाण्याच्या टाकीपाशी तेजल स्कूटर घेऊन उभी होती. इंजिन बंद.

"हायवेनं पंधरा मिनिटं," तेजल कुजबुजली. "पण मॅडम, हेल्मेट घालावंच लागेल. उद्या पेपरात यायचं नाहीतर, होणाऱ्या राज्यपालांनी नियम तोडला."

हेल्मेट अंबाड्यावर बसेना. इकडून लावून पाहिलं, तिकडून लावून पाहिलं. पहिल्या मजल्यावरची माधुरी कपडे काढायला खिडकीत आली, तिनं दोघींना पाहिलं, तोंड उघडलं. अनुपमानं ओठांवर बोट ठेवलं. माधुरीनं, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, तोंड मिटलं आणि खिडकीसुद्धा.

मग अनुपमानं अंबाड्यातले आकडे एकेक काढून तेजलच्या हातात दिले. केस सुटून पाठीवर आले, पांढरे, अजून बरेच लांब. तिनं ते पदराखाली खोचले, हेल्मेट घातलं, एका बाजूला बसून तेजलच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या अंगणात ढोलावर पहिली थाप पडली.

"हं," ती हळूच म्हणाली. "आता काढ. ढोलाच्या आवाजात आवाज मिसळतोय तोवर."